न उचलायचा फोन

"नंबर ढगात टाकतेस?" शंकररावांनी शर्टाच्या खिशावर हात दाबून धरला. "पोरी, ढगांनी वेळेवर पाणी दिलं असतं, तर मी टँकर कशाला घेतले असते?"

संध्याने हसू गिळलं. सासऱ्यांपुढे हसायची सोय नव्हती. शिरगावला शेताच्या कडेला त्यांची विहीर, विहिरीच्या जिवावर पाच टँकर, आणि ते पाचही ज्याच्यावर चालायचे तो शंकररावांचा मोबाइल नंबर. बदलापूर पूर्वेला कितीतरी सोसायट्यांच्या टाकीवर तो ऑइलपेंटने रंगवलेला होता. फोन मात्र एकच, आणि तो शंकररावांच्या खिशात. ते जेवायला बसले की फोन ताटाशेजारी, लग्नाला गेले की एका मुठीत अक्षता आणि दुसऱ्या मुठीत फोन. ते एका गिऱ्हाइकाशी बोलत बसले की दुसऱ्याला एंगेज लागायचा आणि तो सरळ दुसरा टँकरवाला गाठायचा. हे बघून संध्याचा जीव तुटायचा. लग्नाआधी तिने अंबरनाथ पूर्वेला एका कंपनीचं अख्खं ऑफिस सांभाळलं होतं, आणि इथे तिच्या वाट्याला काय, तर ड्रायव्हरांचा चहा.

"बाबा, मोबाइल कंपनी तीच, नंबरपण तोच," ती म्हणाली. "फक्त तो ऑफिसच्या कॉलिंगला जोडायचा. ते इंटरनेटवर चालतं, म्हणून त्याला क्लाउड म्हणतात. मग फोन आपल्या पाचही जणांच्या मोबाइलवर एकदम वाजेल. जो आधी उचलेल, गिऱ्हाईक त्याचं. एंगेज लागायचा प्रश्नच नाही."

"पाच जण कोण?"

"तुम्ही, मी, हे, सोमा आणि अल्पेश." हे म्हणजे तिचा नवरा नरेंद्र, जो विहिरीवर पंप सांभाळायचा. सोमा आणि अल्पेश हे घरचेच झालेले जुने ड्रायव्हर.

शंकररावांनी बराच वेळ मिशी चोळली. "बरं. कर. पण एक गिऱ्हाईक जरी नाराज झायलं ना, तर नंबर परत मना पाहिजे, माझ्या खिशात. तुझा तो लॅपटॉप कपाटात जाईल, आणि पुन्हा विषय काढायचा नाय."

"नाही काढणार," संध्या म्हणाली.

गुरुवारी तिची कॉलेजची मैत्रीण शलाका आली. असे नंबर जोडून द्यायचं कामच ती करायची. दुपारभर लॅपटॉपवर टकटक करून तिने नंबर जोडला आणि चाचणी म्हणून एक फोन लावला. अंगणात पाच मोबाइल एकदम कोकलले, कोंबड्या भेंडीच्या वाफ्यात घुसल्या आणि शंकरराव खुर्चीतून उडाले. पण नंतर त्यांनीच, "पुन्हा एकदा वाजव गं," म्हणून दोनदा वाजवून घेतला.

इथपर्यंत सगळं झकास होतं. घोळ झाला तो जयदेव सरांमुळे.

जयदेव सर म्हणजे कात्रपच्या 'स्वानंद छाया' सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त गणित शिक्षक. या गृहस्थांनी आयुष्यात टँकरसाठी कधी फोनवर बोलून पैसे घालवले नाहीत. ते मिस कॉल द्यायचे. एक मिस कॉल म्हणजे एक टँकर, असा त्यांचा आणि शंकररावांचा जुना करार. पुढे फोन फुकट झाले, तरी सरांची शिस्त काही सुटली नाही, आणि नंबर जोडताच शंकररावांनीही सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की सरांचा फोन चुकूनसुद्धा उचलायचा नाही. उचलला की सर आठवडाभर चिडायचे.

शुक्रवारी पाणीपुरवठ्याचा शटडाऊन होता. नळ कोरडे. सकाळी सरांचा मिस कॉल आला, तो अर्थातच पाचही मोबाइलवर आला, आणि पाचही जणांनी आज्ञाधारकपणे तो उचलला नाही. संध्याने एक टँकर कात्रपला पाठवला. नरेंद्रने विहिरीवरून एक सोडला. सोमा शिरगाव नाक्यावर भरलेली गाडी घेऊन उभा होता, तो निघाला. अल्पेशही निघाला. आणि शंकररावांनी परसदारी दात घासता घासता पाचव्या ड्रायव्हरला हाक मारली, "सरांचा मिस कॉल आलाय रे, पळ!"

मग खरे फोन सुरू झाले. शिरगावच्या एका सोसायटीला टँकर हवा, पलीकडच्या शाळेला हवा. संध्याने मोठ्या तोऱ्यात नरेंद्रला फोन लावला. "अहो, शाळेला एक पाठवा."

"कुठला पाठवू? इकडे एकपण नाय."

"म्हणजे? पाचपैकी एकपण नाही?"

"मी तर एकच पाठवला. जयदेव सरांना."

"सरांना? सरांना तर मी पाठवला!"

मागे शंकरराव तोंडात ब्रश धरून पुतळ्यासारखे उभे होते. ब्रश काढून ते एवढंच म्हणाले, "स्कूटी काढ."

कात्रपपर्यंत सासरे मागे बसून तिच्या कानाशी बोलत होते. "खडूस मानूस आहे तो. आता भर रस्त्यात इज्जत काढील माझी. इतकी वर्षं एक टँकर इकडचा तिकडं गेला नाय! लॅपटॉप आजच कपाटात टाक, काय?" संध्याचे डोळे भरून आले होते, आणि ते वाऱ्याने आलेत असं तिने स्वतःला सांगून टाकलं.

गल्लीच्या तोंडाशीच अल्पेशचा टँकर आडवा होता. त्याच्यापुढे चार टँकर, एकामागे एक, मिरवणुकीला निघाल्यासारखे. गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या, खाली आजूबाजूच्या सोसायट्यांची माणसं बादल्या, कळश्या, अगदी कुकरची भांडी घेऊन जमलेली. आणि मधोमध, हात मागे बांधून, जयदेव सर.

संध्या पुढे झाली. "सर, माफ करा, चुकून..."

"चुकून?" सर गरजले. "मीच मागवले!" मग तिच्याकडे वाकून कुजबुजले, "वहिनी, कृपा करून गप्प बसा. रविवारी मीटिंगमध्ये हे लोक मला काढणार होते. साधा एक टँकर वेळेवर आणता येत नाही म्हणून! आज पहिल्यांदा टाळ्या पडल्यात हो."

"पण सर, तुमच्या टाकीत पाच मावतील?"

"एकच मावेल. बाकीचे शेजाऱ्यांना द्या. त्यांचा टँकरवाला सकाळपासून फोनच उचलत नाहीये."

संध्याने गल्लीवर नजर फिरवली. इतक्यात तिचा मोबाइल वाजला. शाळा. तिने पदर खोचला आणि फोन उचलला. "हो मॅडम, पाणी निघालंय. अल्पेश! तू शेवटचा आहेस ना? मागच्या मागे काढ, गाडी शाळेला ने!" पुन्हा फोन. "हो काका, शिरगावला ना? सोमा रिकामा होतोय, विहिरीवरून भरून पहिला तुमच्याकडेच. सोमा, ऐकलंस?" मधेच समोरच्या सोसायटीच्या बाई आल्या, "आम्हालापण तुमचाच नंबर द्या हो." संध्याने एका हाताने नंबर दाखवला, दुसऱ्या हाताने टँकर मागे घेतला. फोन एकामागून एक येत होते, कोणालाच एंगेज लागत नव्हता. ऊन तापायच्या आत अख्खी गल्ली भरली, शाळा भरली, शिरगाव भरलं, आणि नवीन तीन सोसायट्या गळाला लागल्या. संध्याला वाटत होतं, आपण आज विहिरीतून नाही, थेट उल्हास नदीतून पाणी वळवून आणलंय.

"शंकरराव, तुमच्या ऑफिसात बसतं कोण?" कोणीतरी विचारलं.

"आमची सून," शंकरराव म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा होता.

घरी आल्यावर संध्याने सेटिंग बदललं. मिस कॉल आता फक्त तिलाच दिसणार होता. "बाबा, गिऱ्हाईक एकही नाराज झालं नाही," ती चाचरत म्हणाली. "पण नंबर परत हवा असेल तर..."

शंकररावांनी आपला मोबाइल तिच्यापुढे धरला. "मना यातून काढ. पाचाचे चार कर. मी झोपतंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दुपारचे आडवे झाले. पण झोप कुठली यायला! फोन वाजत नव्हता, आणि त्यांना राहवत नव्हतं. शेवटी ते उठले, परसदारी शेवग्याआड जाऊन उभे राहिले आणि जुना नंबर ऑफिसला जोडल्यावर व्हॉट्सअॅपपुरत्या घेतलेल्या आपल्या नव्या नंबरावरून त्यांनी हळूच आपल्याच जुन्या नंबराला एक मिस कॉल दिला. वाजतो तरी का, एवढंच बघायचं होतं.

थोड्याच वेळात अंगणात भोंगा वाजला. भरलेला टँकर दारात उभा होता आणि सोमा खिडकीतून डोकं काढून विचारत होता, "पाणी कुठं सोडू, मालक?"

शंकररावांनी वळून बघितलं. ओट्यावर संध्या लॅपटॉपमागे बसली होती, चेहरा अगदी कामात असल्यासारखा. "मिस कॉल आला होता, बाबा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक मोठं आहे म्हणून लगेच पाठवला."

शंकररावांनी टँकरकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग हसू लपवायला मिशीवरून हात फिरवला.

"भेंडीला सोड," ते सोमाला म्हणाले. "आणि वहिनीला सांग, मी असतो तर अर्धा तास लागला असता."