सैनिकांच्या बुटांची दुरुस्ती

स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण हात असावा तर माझ्यासारखा! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत. मुंगीच्या पायात पैंजण घालायला सांगा, घालून दाखवतो!

तर, माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा फोन आला. तो घर आवरून कायमचा मुलीकडे चालला होता. लांब, विमानाने.

"धाकट्या, आपले लहानपणीचे प्लास्टिकचे सैनिक आहेत ना तुझ्याकडे? त्यातला एक दे मला. दुसरं काही नको."

दादाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते काय, तर बोटभर सैनिक! तो असाच कसा द्यायचा?

"आहे तसा द्या," बायको म्हणाली. "नसती उठाठेव नको."

"अगं, नाक ना डोळे, नुसते ठोकळे आहेत ते!"

मी दोन रंगांची पुट्टी आणली. एकत्र मळली की कणकेसारखी मऊ, दोन तासांनी दगड. डोळ्याला भिंग लावलं, सुई घेतली आणि बसलो. एकाला पाठपिशवी केली, एकाला पाण्याची बाटली, एकाला झुपकेदार मिशी. मिशी अशी काही जमली की मग मी कुणालाच सोडलं नाही! बारापैकी अकरा जणांचे बूट उंदरांनी कुरतडले होते. तेही भरून काढले, वर नाड्या कोरल्या. आठ दिवस बायको मांडीवर ताट घेऊन जेवली, कारण टेबलावर पलटण होती.

दादा आला. रांग बघून म्हणाला, "वा! मिशा झकास!" मग एकेकाला उचलून बुटांवर अंगठा फिरवायला लागला. पहिला, दुसरा, पाचवा... बाराव्यापर्यंत त्याचा चेहरा पार उतरला.

"धाकट्या, खुणा कुठायत?"

"उंदरांच्या? बुजवल्या!" मी छाती फुगवून म्हणालो.

"गाढवा, ते माझे दात होते!"

बायकोने हातातला चहाचा ट्रे तिथेच टेकवला.

मी सात वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो. दहा वर्षांच्या दादाला माझ्या खोलीत यायला बंदी होती.

"दाराबाहेर बसायचो," दादा सांगू लागला. "आत डॉक्टर आले की रडू यायचं. रडलो असतो तर आईने तिथूनही हाकललं असतं. मग सैनिक तोंडात धरायचो, गच्च. दिवसाला एक. अकरा दिवस! बाराव्या दिवशी तूच दार उघडून बाहेर आलास आणि म्हणालास, भूक लागली."

साठ वर्षांत हे कुणी मला सांगितलं नव्हतं. आणि मी शहाणा त्यावर नाड्या कोरून बसलो! मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

"थांब, आत्ता काढतो!" म्हणून ब्लेडने खरवडायला गेलो, तर पायच तुटला. दुसऱ्याला बायकोचं नेलपॉलिश काढायचं औषध चोळलं. पुट्टी जागची हलली नाही, सैनिक मात्र गुडघ्यापर्यंत विरघळला!

"अहो, पुरे! सगळी पलटण माराल!" बायको ओरडली.

मी तिसरा सैनिक दादापुढे धरला. "घे. परत चाव. बुटाच्या जरा वर, तिथे पुट्टी नाही."

दादाने शांतपणे तोंडातली कवळी काढली आणि रांगेशेजारी ठेवली.

माझे दात अजून माझेच आहेत. काय सुचलं कुणास ठाऊक, मी तो सैनिक तोंडात घातला आणि जीव खाऊन चावलो. दाढेत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. दाढेचं निमित्त बरं झालं, कारण दादा चालला म्हणून ते सकाळपासूनच येत होतं. मग सैनिक सदऱ्याला पुसून त्याच्या हातात दिला. पोटरीवर चार दात नीट उमटले होते.

दादाने त्यावर अंगठा फिरवला, सैनिक खिशात टाकला, कवळी बसवली आणि माझ्या टाळक्यात एक टपली मारली.

"अरे येड्या, तू कशाला चावतोस? मी काय आजारी आहे?"