उंदरांचे डॉक्टर

निवृत्त होऊन आमच्या तलमडुगू गावी परत आल्यावर सिद्धार्थदादांनी सगळ्यात आधी घराचं पुढचं दार विटांनी बुजवलं आणि मागच्या भिंतीत नवं पाडलं. दूधवाला कितीतरी दिवस विटांवर थापा मारून परत जात होता.

शेजारीण म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "या दारातून गुडुंब्याच्या अड्ड्याची वाट दिसते, वहिनी. मेंदू इशारा विसरत नाई."

गुडुंबा म्हणजे आमच्याकडची गावठी दारू, आणि दादा म्हणजे मेंदूचे शास्त्रज्ञ. सारी हयात हैदराबादच्या प्रयोगशाळेत उंदरांना दारूची चटक लावायची आणि ती सुटत का नाही ते पाहायचं, हा त्यांचा धंदा. गावात त्यांना उंदरांचे डॉक्टर म्हणत. माझ्या सासूने तर घुशींवर औषध मागितलं. दारूपेक्षा, दारू मिळणार या आशेनंच मेंदू जास्त पेटतो, असं दादांनी तिला तासभर समजावलं. सासूने मान डोलावली आणि बाजारातून पिंजरा आणला.

दादांनी लग्न केलं नाही. जिवाचं माणूस एकच, धाकटा भाऊ रतन. गोड गळ्याचा, शाळेत मास्तर होता. दारूने नोकरी खाल्ली, मग लिव्हर. आता प्याला तर वाचणार नाही, असं दवाखान्यात बजावलेलं. व्यसनमुक्ती केंद्रात तो शहाण्यासारखा राहायचा आणि घरात पाऊल टाकलं की पुन्हा सुरू. दादा म्हणत, दोष रतनचा नाही, दारूची आठवण करून देणाऱ्या इशाऱ्यांचा आहे.

म्हणून इशाऱ्यांचा नायनाट सुरू झाला. घरातले पेले गेले, रतन पाणीसुद्धा वाटीनं पिऊ लागला. त्याची खाट आज या भिंतीला, उद्या त्या. चखण्याची आठवण नको म्हणून माझ्या दुकानातले खारे शेंगदाणे दादांनी तांदळाच्या पोत्यामागे ठेवायला लावले. जणू मी गांजाच विकत होते. कुरकुरले, पण ठेवले. त्या माणसाला नाही म्हणवत नसे.

तरी एका संध्याकाळी रतन माझ्या दुकानाच्या पायरीवर झिंगून बसलेला. दादा धावत आले. रागावले नाहीत. शेजारी टेकून म्हणाले, "एखादा इशारा राह्यला असंल रे. आठव बरं, प्यावंसं कायच्यानं वाटते?"

रतन खाली बघतच म्हणाला, "तुह्या तोंडाकडं पाह्यलं का वाटते, दादा. तू एवढा मोठा झाला, मले शिकवलं, अन् मी असा. लाज वाटते. मंग पेल्याबिगर राहवत नाई."

दादांनी वाद घातला नाही. विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यासारखी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते मंचेरियलला भाड्याच्या खोलीत राहायला गेले. जाताना मला शपथ घातली, "माझं नावसुद्धा काढू नका त्याच्यासमोर."

रतनचं पिणं काही सुटलं नाही. त्याचं पोट फुगलंय, डोळे पिवळे झालेत. दोघांचाही मला राग येतो आणि आतून रडू येतं. काल तो पायरीवर येऊन बसला. "वहिनी, दादा काऊन येऊन नाई राह्यला? टाकून देल्लं का त्यानं मले?"

तेवढ्यात दादांचा रोजचा फोन आला. "जेवला का तो?"

"हो, जेवले," मी म्हटलं. मी रतनपुढे ठेवलेलं ताट तसंच होतं.

"कोनाचा फोन व्हय?" रतननं विचारलं.

"माहेरचा," मी म्हटलं.