ज्याची वायर त्याच्या घरी

आमचा जुना कंप्युटर बदलायचा नाही, फक्त त्याची थोडी डागडुजी करायची, असं मी ठरवलं. एवढंच ठरवलं होतं.

निमित्त आभाच्या लग्नाचं. मुलगा, सत्यजीत, मस्कतला नोकरीला, त्याचे आईवडीलही तेव्हा त्याच्याकडेच. दोघांचं महिनाभर ईमेलवर बोलणं चाललं होतं आणि आमची लेक हल्ली पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली होती, त्यावरून आम्ही काय ते ओळखलं. राहिला होता रीतसर बघण्याचा कार्यक्रम. तो रविवारी संध्याकाळी, कंप्युटरच्या कॅमेऱ्यासमोर व्हायचा होता.

तालीम म्हणून मी पुण्याच्या मेव्हण्याला कॉल करायला लावला. त्याचं बोलणं आधी आलं, तोंड नंतर हललं, आणि चित्र थिजलं ते नेमकं त्याला जांभई आली तेव्हा.

"आभाचं असं तोंड दिसलं तर?" कुमुद म्हणाली. (कुमुद म्हणजे आमची सौभाग्यवती. तिचे प्रश्न थोडके असतात, पण झोप घालवतात.)

तिला माउस धरला की घाम फुटतो. म्हणून कॉल आला की आपोआप उचलला जाईल आणि कॅमेराही आपोआप सुरू होईल, अशी सोय मी त्याच दिवशी करून ठेवली. (ही सोय लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.)

मग मी पनवेलच्या बाजारात प्रणितच्या दुकानात रॅम वाढवायला गेलो.

"काका, नुसती रॅम टाकून काय होनार नाय," प्रणित म्हणाला. "प्रोसेसरच जुना हाय. तो बदला, डिस्प्ले कार्ड टाका, साउंड कार्ड टाका."

"मग जुनं काय राहील?"

"डबा."

बसवायला माणूस पाठवतो म्हणाला. मी नको म्हणालो. मी जासईच्या कंटेनर यार्डात कारकून आहे. तिथे पेटी उघडली की आतली वस्तू जिथून काढली तिथेच परत जाते, आणि हा नियम मी डोळ्यांत तेल घालून पाळतो. शिवाय आमच्या सोसायटीत पूजेला सगळ्यांची भांडी एकत्र येतात, तेव्हा कुमुद आपल्या पातेल्यांच्या बुडाला नेलपेंटचा टिपका लावते, म्हणजे ज्याचं पातेलं त्याच्या घरी जातं. मी तिच्या बाटल्या घेतल्या आणि प्रत्येक वायरीला आणि ती जिथून निघाली त्या भोकाला एकाच रंगाचे टिपके लावले. मॉनिटर गुलाबी, स्पीकर लाल.

"माझी नवी बाटली होती ती," कुमुद म्हणाली.

"लेकीच्या संसारासाठी आहे," मी म्हणालो.

रविवारी दुपारपर्यंत प्रोसेसर बसला, दोन्ही कार्डं बसली, सगळ्या वायरी टिपक्याला टिपका जुळवून आपापल्या घरी गेल्या. मी बटण दाबलं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, आणि मॉनिटर काळाकुट्ट राहिला. स्पीकरही मुके. पुन्हा सगळं उचकटलं, पुन्हा बसवलं. पुन्हा काळं.

कार्यक्रमाची वेळ आली. आभा साडी नेसून माझ्यामागे बॅटरी धरून उभी होती.

"बाबा, ही वायर त्या खालच्या नव्या कार्डाला लावून बघू या का?"

"गुलाबी टिपका गुलाबी टिपक्याला, बाळ. पद्धत म्हणजे पद्धत."

"अहो, निदान शर्ट तरी घाला," कुमुद म्हणाली.

"पडदा काळा आहे. मला कोण बघतंय?"

"दिनानाथराव वेळेचे पक्के आहेत म्हणे. सत्यजीतचे वडील."

"बसू दे वाट बघत. मिशीला कलपाचा आणखी एक हात मारून होईल. फोटोत मिशी काळी आणि भुवया पांढऱ्या आहेत. बाटली कुठे संपली ते दिसतं."

"बाबा, वायर..." आभा म्हणाली.

मी हात वर करून तिला गप्प केलं. बघण्याच्या कार्यक्रमाला पोहे हवेतच, म्हणून कुमुदने कॅमेऱ्यासमोर एक बशी सजवून ठेवली होती. विचार करायला बळ लागतं. मी ती संपवली.

तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार, मी आशालता. सत्यजीतची आई."

"माफ करा हं, आमचं मशीन आज सुरूच होत नाहीये."

"होतंय की. मघापासून सुरू आहे. आम्ही सगळे समोरच बसलोय. इकडून हाका मारतोय, पण तुम्हाला ऐकू जात नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढता का?"

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याचा बारीक लाल दिवा माझ्या बनियनकडे टक लावून बघत होता.

"आभा म्हणतेय ते एकदा करून बघा ना," आशालताबाई म्हणाल्या.

केलं. मॉनिटरची वायर नव्या कार्डाच्या बिनटिपक्याच्या भोकात लावली, तशीच स्पीकरचीही दुसऱ्या कार्डाला. मॉनिटर उजळला. नव्या कार्डाचं चित्र इतकं स्वच्छ होतं की सोफ्याच्या मधोमध बसलेल्या दिनानाथरावांच्या भुवयांतला एकेक पांढरा केस मोजता आला असता. ते माझ्याकडे बघत होते. मिशीवरचा हात काढत नव्हते.

आभाने बॅटरी टेबलावर ठेवली आणि आत जाऊन दाराला कडी लावली. माझ्या घशात एक शेंगदाणा अडकला. (एक राहिला होता.)

"ती गेली का?" आशालताबाई विचारत होत्या, फोनवरून आणि आता स्पीकरवरूनही. "बोलवा तिला. मुलगी आम्हाला पसंत आहे. बरोबर सांगत होती, कोणी ऐकत नव्हतं, तरी बॅटरी हलू दिली नाही. आमच्याकडेही असाच एक माणूस आहे. तिला सवय असलेली बरी."

सोफ्यावरच्या त्या माणसाने घसा खाकरला. आतल्या दाराची कडी निघाली.

हिवाळ्यात लग्न पनवेललाच झालं. मी इस्त्रीचा सूट घालून, फेटा बांधून, हॉलच्या दारात वरपक्षाच्या स्वागताला उभा राहिलो. दिनानाथराव आले. माझा नमस्कार घेऊन माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "मुलीचे वडील कुठे दिसत नाहीत?"

"मीच तो," मी म्हणालो.

त्यांनी मला फेट्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं.

"माफ करा," ते म्हणाले. "कपड्यांत ओळखलं नाही."