हात हलवल्यास अभिवादन समजावे

"समुद्र म्हणजे काय हो, मोठा हौदच!" असं हेडक्लार्कसाहेब आठवडाभर घरीदारी सांगत सुटले होते. बंदर कचेरीची बचावबोट पार म्हातारी झाली होती. नवीसाठी वर्गणी जमवायची म्हणून कचेरीतले लोक समुद्रात पोहणार होते आणि साहेब सगळ्यांत पुढे!

नियमही साहेबांचाच. गेल्या वर्षी पोहणाऱ्यांनी पाण्यातून आपापल्या पोरांना हात केले आणि बोट उगाचच धावधाव धावली. म्हणून यंदा त्यांनी परिपत्रक काढलं: 'जलतरणादरम्यान हात हलविण्याची कृती अभिवादन समजण्यात यावी. सदर कृतीस बचावकार्याचे कारण मानू नये.'

समुद्रातल्या ठरलेल्या खडकापर्यंत सगळं झकास झालं. मग पाण्याला ओढ लागली. बाकीचे किनाऱ्याकडे वळले आणि साहेब उलट्या दिशेने निघाले, तेही न पोहता! पायाखाली नुसता काळोख. ओरडायला तोंड उघडलं, तर खारं पाणी घशात! त्यांनी जिवाच्या आकांताने दोन्ही हात हलवले.

धक्क्याला लागलेल्या बोटीत त्यांचा मेहुणाच ड्यूटीवर होता. त्यानेही दोन्ही हात हलवले.

"दाजी भलतेच खुशीत आहेत!" तो म्हणाला.

किनाऱ्यावर टाळ्या पडल्या. साहेबांना रडूच फुटलं. मरण आलं, आणि तेही नियमानुसार! नाकातोंडात पाणी जात असताना त्यांनी पुन्हा हात वर केले. या खेपेला अख्ख्या किनाऱ्याने हात केले.

त्यांची बायको मात्र ताडकन उठली आणि धक्क्यावर धावली.

"अरे, बोट सोड! बुडतायत ते!"

"ताई, परिपत्रकाप्रमाणे ते अभिवादन..."

"चुलीत घाल ते परिपत्रक! इतकी वर्षं संसार केला, या माणसाने चारचौघांत मला कधी हात केलाय का?"

हे मात्र भावाला पटलं. बोट खोकत, धापा टाकत निघाली आणि साहेब तिसऱ्यांदा खाली जाता जाता त्याने त्यांना काखेत धरून वर ओढलं.

"ताईमुळे वाचलात, दाजी!"

साहेब कुडकुडत होते. दात वाजत होते. धक्क्यावर बायको दिसली आणि त्यांचे डोळे भरून आले. गेला तो नियम खड्ड्यात! त्यांनी जन्मात पहिल्यांदा, सगळ्या गावादेखत, तिला मनापासून हात केला.

धक्क्यावरून बायकोची किंकाळी आली, "धावा हो, धावा! आता बोटसुद्धा बुडतेय!"