तीन दिवस आधी लेखी अर्ज

चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा आवाजच फुटत नाही, म्हणून मी नियम क्रमांक तीन लिहिला. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आमचे आप्पा खानापुरात लोकल बोर्डाचे कारकून. बोर्डाच्या कमिट्यांनी आपल्या कामाचे नियम आपणच करावेत, असा ठराव झाला त्या दिवशी ते उड्या मारतच घरी आले. (आप्पांच्या वजनाला ते शोभत नाही.)

"कलेक्टरबी विचारणार न्हाय! आजपासनं आपलं घर म्हंजे एक कमिटी. मी चेअरमन. तुझं अक्षर बरं हाय, तू सेक्रेटरी. लिही नियम."

पहिले दोन नियम आप्पांनी सांगितले, तिसरा मी माझ्या मनानं लिहिला: काहीही मागायचं तर तोंडी नाही, तीन दिवस आधी लेखी अर्ज. आप्पा खूश झाले, मी त्याहून खूश. आता कुणापुढं तोंड उघडायला नको!

आठवड्यानं शाळेत बाईंनी स्कॉलरशिप परीक्षेचा फॉर्म दिला. परीक्षा बेळगावात. वडिलांची सही दुसऱ्या दिवशी सकाळीच हवी.

मी सुवाच्य अर्ज लिहून आप्पांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला.

"आज गुरुवार. तीन दिसांनी, रविवारी घेऊ."

"पण आप्पा, फॉर्म उद्याच द्यायचाय."

"हे तू तोंडी बोललीस. चालत न्हाय."

मी दुसरा अर्ज लिहिला. तिसरा लिहिला. परसात गेले, आत आले, पुन्हा परसात गेले. मला बघून म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली.

"का गं नुसती फिरालीस?" आईनं चुलीपुढून विचारलं.

मी तिलाही अर्जच दिला. (सवय!)

"मला वाचाय येतंय व्हय? सांग की तोंडानं!"

सांगितलं. आईनं पदर खोचला.

"अवो, कमिटीनं आपलं नियम आपणच करायचं न्हवं?"

"व्हय! कलेक्टरबी..."

"मग सैपाकघर माझी कमिटी. जेवाय पायजे तर तीन दिस आधी अर्ज. आज दिला तर रविवारी भाकरी."

तव्यावरची भाकरी टम्म फुगली. आप्पांनी तिच्याकडं बघत फॉर्मवर सही ठोकली.

"खास बाब म्हणून," ते म्हणाले आणि पाट ओढून बसले.

सकाळी मी फॉर्म बाईंच्या हातात दिला.

"परीक्षेत तोंडी प्रश्न असतात हं," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं नाव सांग बघू."

मी सांगितलं. बाईंनी कान पुढं केला. तिसऱ्या खेपेला ते पहिल्या बाकापर्यंत पोचलं.

"एवढी घाबरतेस? घरी बोलू देत नाहीत काय?"

"नाही बाई. नियम आहे."

"कुठल्या शहाण्यानं केला?"

तेवढं उत्तर लेखी दिलं तर चालेल का, असं मी विचारलं. तेही बाईंना ऐकू गेलं नाही.