सोमाजी वल्द लहानू आणि चिंचेवरचं घुबड

दिवे लागले की आमच्या शेजारचे सोमाजी काकाजी कोणालाच खऱ्या नावानं हाक मारत नसत. दिवसा मी ‘मास्तर’, संध्याकाळी ‘खांब’. माझी बायको सुमन दिवसा ‘सूनबाई’, संध्याकाळी ‘पितळी गंज’, म्हणजे पातेलं. हे तिला आवडणं शक्यच नव्हतं. आमची चार वर्षांची शकू मात्र ‘चिचुंद्री’ म्हटलं की खिदळायची.

कारण विचाराल तर घुबड. अंधार पडल्यावर घुबडानं कोणाचं नाव ऐकलं की ते रात्रभर घोकत बसतं आणि तो माणूस खंगून मरतो, अशी आमच्या भागातली समजूत. बाकीचे लोक ती आठवेल तेव्हा पाळायचे. काकाजी रोज पाळायचे.

उकव्याच्या खाणीत सुरुंग उडण्याआधी लाल झेंडी हलवून लोकांना हाकलायचं, ही त्यांची जन्मभराची नोकरी. “आधी बाजूले व्हा, मंग इचारा!” माणूस निवृत्त झाला, आवाज झाला नाही. गाईला, पोस्टमनला, सगळ्यांना तेच वाक्य. राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यावर तिकडून पहिल्यांदाच शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही त्यांनी ते ऐकवलं. साहेबाला मराठी येत नव्हतं, तरी तो बाजूला झाला.

खाणीसाठी टेकडीवरचं जंगल तोडलं, तशी तिकडची मोठी घुबडं एकेक करून खाणीच्या कॉलनीत उतरली. एक आमच्या दोन घरांमधल्या चिंचेवर येऊन बसलं. चांगलं मांजराएवढं, डोक्यावर पिसांची दोन शिंगं, आणि बघणं असं की आपणच त्याच्या घरात शिरलोय. पुढच्या साली त्यानं जोडीदारीण आणली. आधी आमचे उंदीर गेले, सुमन खूष झाली. मग खारी गेल्या. कावळ्यांनी चिंच सोडली. काकाजींच्या भिंतीच्या भोकात पिंगळ्याचं एक जोडपं राहायचं. शुभ बोलणारे घरचे पक्षी म्हणून काकाजी त्यांच्याशी दोन्ही वेळा गप्पा मारत. एका सकाळी भिंतीखाली नुसती पिसं दिसली.

“उंदीर गेले ते सूनबाईले दिसलं,” काकाजी म्हणाले. “खारी गेल्या ते कोण पाह्यते? भाड्यानं आलं अन् घरमालकच खाऊन राह्यलं.”

“मग मारा ना एक दगड,” मी म्हटलं.

काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत शिकवतो याचंच त्यांना नवल वाटलं असावं. घुबडाला मारलेला दगड ते उचलून नदीत नेऊन टाकतं. पाण्यात दगड झिजतो, तसा मारणारा झिजतो. हे मास्तरला ठाऊक नाही म्हणजे कमालच.

पण काकाजींनी त्यावर तोड काढली. दगडाला सुतळी बांधायची. मारायचा आणि घुबडानं उचलायच्या आत ओढून घ्यायचा. त्यांनी नेम धरला. दगड घुबडाला सोडून फांदीला गेला आणि सुतळीचे वेढे पडून तिथेच अडकला. घुबडानं एक डोळा उघडला आणि मिटला. काकाजी दिवसभर सुतळीचं टोक धरून खाटेवर बसून. जेवणसुद्धा सुमननं तिथेच नेऊन दिलं. संध्याकाळी त्यांनी सगळा जोर लावून हिसका दिला, तेव्हा दगड सुटला तो थेट आमच्या छपराच्या कवेलूंवर.

“दगड वाचला,” काकाजी म्हणाले. कवेलूंबद्दल अवाक्षर नाही. तो दगड त्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवला. जिवाला इतका जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाऊस सरता सरता शकूला ताप चढला. डॉक्टरांनी कोयनेलच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, सकाळपर्यंत उतरला नाही तर बालाघाटला हलवा. दिवेलागणीला पोर बरळायला लागली. सुमनचा धीर सुटला. “शकू, शकू, डोळे उघड,” ती मोठ्यानं ओरडली. आणि लगेच चिंचेवरून घुबड घुमलं.

सुमनचं तोंड पांढरं पडलं. मी म्हटलं, वेडेपणा आहे सगळा. म्हणताना माझाही आवाज कापत होता.

तेवढ्यात बाहेरून काकाजींचा खाणीतला आवाज आला. चिंचेखाली छाती काढून ते वर बघत होते.

“ते पोरीचं नाव खोटं हाये. खरं नाव आयक. सोमाजी वल्द लहानू, मुक्काम पोस्ट उकवा, तहसील बैहर, जिल्हा बालाघाट!”

पुन्हा तेच. पुन्हा तेच. सगळी कॉलनी दारात आली. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. “काकाजी, हे काय चाललंय?”

“आधी बाजूले व्हा खांब, मंग इचारा.”

आवाज पार बसल्यावर ते आमच्या ओट्यावर टेकले. मग मी विचारलं.

“गिरजाले मीच हाक मारलती,” ते म्हणाले. गिरजा म्हणजे त्यांची बायको, आम्ही इथे येण्याआधीच वारलेली. “जंगलातून पह्यलं घुबड आलतं, कवेलूवर बसून होतं. मी अंगणातून हाक मारली. माहा आवाज साऱ्या खाणीले आयकू जाये, त्याले काहून नाही जाणार? महिन्याभरात गेली ते.”

मी आतून त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

पहाटे शकूचा ताप उतरला. गोळ्यांनी, असं मी म्हणतो. सुमन म्हणत नाही.

काकाजींनी निरवानिरव केली. कोंबड्या सुमनला, कंदील मला, पेटीतला दगड शकूला. धुतलेलं धोतर नेसून ते खाटेवर पडले आणि वाट बघू लागले. दिवाळी आली, गेली. काही झालं नाही. एका संध्याकाळी ते ओशाळं तोंड करून आमच्या दारात आले.

“कंदील द्या जी खांब. अंधारात पडून राह्यलो. त्यालेही मी नको, असं दिसते.” कोंबड्यांचा विषय त्यांनी काढला नाही, ते बरं झालं. दोन आम्ही खाल्ल्या होत्या.

मी कंदील देत होतो तेवढ्यात चिंचेवर घुबड घुमलं. शकू उंबऱ्यात उभी होती. तिनं वर पाहिलं, ओठावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, “ए ढेमशा, आत ये. चहा झाला.”

“आजोबांना भाजीच्या नावानं हाक मारतात का गं?” सुमन रागावली.

“म्हणू द्या,” काकाजी म्हणाले. कंदील खाली ठेवून त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. “गिरजा गेली तवापासून माहं नाव कोणी लपवलंच नवतं.”

मग शकूकडे वळून तितक्याच हळू म्हणाले, “हौ चिचुंद्री, आलो.”