भागूमावशीचे कान

एका जंगलात, बाळांनो, भागू नावाची एक म्हातारी मांजर राहायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. जंगलाचा राजा होता वाघ, आणि राजाच्या मावशीला नुसत्या नावाने हाक मारायची कुणाची छाती होती? चुळबुळ करू नका, ऐका.

मावशीचं घर म्हणजे जुन्या जांभळाची ढोली. वय झालं तसे तिचे कान गेले. आधी उंदरांची खुडबुड ऐकू येईना, मग कावळ्यांची कावकावही. उंदीर तिच्या शेपटीला घासून जाऊ लागले आणि मावशी उपाशी झोपू लागली. पण बहिरी झाले म्हणून कुणाला सांगेल तर शपथ! म्हातारीला तोरा भारी. समोरचा हसला की हसायची, त्याने मान हलवली की आपणही हलवायची. बाकीचं पंजांनी समजून घ्यायची. जमीन हादरली की पंजांना कळतंच.

आता या वाघाला भाषणाचा भलता नाद. दर सोमवारी सकाळी तो खडकावर चढायचा आणि जंगलाचा विकास कसा करायचा ते सांगत सुटायचा. शेवटी ठराव मांडून खडकावर पंजा आपटायचा. ज्याला ठराव मान्य, त्याने उभं राहायचं, अशी तिथली रीत. पण तोवर हरणं सटकलेली, माकडं पेंगलेली, अस्वल तर उघड उघड घोरत असायचं.

मावशी मात्र पहिल्या रांगेत टक लावून बसलेली असायची. जमीन हादरली की तिला वाटायचं, चला, संपलं एकदाचं. मग ती घरी जायला उठायची.

"एकमताने मंजूर," वाघ म्हणायचा, आणि मावशीला वाडगाभर दूध मिळायचं. का मिळतं ते तिला कळत नसे. पण दुधाला का म्हणून विचारायला ती काय खुळी होती?

अशी सशांची बिळं गेली, माकडांचा उंबर गेला, हरणांचा पाणवठा गेला. सगळं राजाच्या मेव्हण्याला, बिबळ्याला. कुणी कुरकुर केली तर वाघ म्हणायचा, मावशीला विचारा. मावशीला विचारलं की मावशी गोड हसायची.

शेवटी सशांना संशय आला. त्यांनी मावशीला धरून साळिंदर वैद्याकडे नेलं. वैद्याने आपल्याच काट्याने तिच्या कानांतला सुपारीएवढा मळ काढला. बाहेर पिंपळाची पानं सळसळली आणि म्हातारी चक्क रडली. किती दिवसांनी ऐकत होती बिचारी!

सोमवारी तिने राजाचं भाषण पहिल्यांदा ऐकलं. हा एवढं बोलतो आणि इतकं रटाळ बोलतो, हे बघून ती गारच पडली. मग ठराव आला. मेव्हण्याला उन्हात लोळायला जागा कमी पडते, सबब जुनं जांभूळ पाडावं. पंजा आपटला.

मावशी बसूनच राहिली.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली. मग घसा ताणून पुन्हा म्हणाली. अस्वलसुद्धा जागं झालं.

वाघ प्रेमाने हसला. "मावशी, पाय दुखतात वाटतं. बसून अनुमोदन दिलंत तरी चालेल हो. एकमताने मंजूर."

सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, राजाच्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. दूध त्या दिवशी दोन वाडगे आलं.

दुपारी हत्तींनी जांभूळ पाडलं. त्याचा कडकडाट मावशीला अगदी स्वच्छ ऐकू आला.

ती तडक वैद्याकडे गेली. "माझा मळ परत घाल," ती म्हणाली.

"तो तर टाकून दिला मी," वैद्य म्हणाला आणि त्याने फळीवरचा बुधला काढला. "मेण चालेल का? महाराजांच्या कानांत दर सोमवारी भाषणाआधी हेच घालतो."

तात्पर्य: म्हातारपणी कान गेले तर वैद्याकडे धावू नये. बहिऱ्याला दूध मिळते. ज्याला ऐकू येते, त्याला फक्त आपले झाड पडताना ऐकू येते.